भरून ठेवलेली टाकी

आपल्या हुडकेश्वरच्या घराच्या मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशेजारी पत्र्याखाली लाल जनरेटर ठेवलेला असतो. तुम्हा दोघांना तो आठवेल. मागच्या हिवाळ्यात आलात तेव्हा धाकटीने त्यावर बसून संत्री सोलली होती आणि मी तिला उठवलं होतं. थोरल्याने मात्र ताडपत्री उचलून त्याच्या टाकीवर मी चिकटवलेली चिठ्ठी वाचली. ‘टाकी पूर्ण भरली. जून, पहिला आठवडा.’ मग मला विचारलं, ‘‘आजी, यात एथनॉलवालं गॅस आहे का? मी लोकांचं गवत कापतो ना, त्या मशीनमध्ये आम्ही ते कधीच ठेवत नाही. बिनएथनॉलचं वेगळं मिळतं, ते घालतो.’’

मी म्हणाले, ‘‘इथे जे मिळतं तेच घालतात.’’ परदेशात वाढलेल्या, पेट्रोलला गॅस म्हणणाऱ्या मुलाचं यंत्राच्या बाबतीत काय ऐकायचं, असंही मनात आलं. ते आज कबूल करते.

हा जनरेटर जुना आहे. या वसाहतीत आम्ही राहायला आलो तेव्हा रोज काही तास वीज जायची, तेव्हा आजोबांनी घेतला. पुढे वीज सुधारली, इन्व्हर्टर आला आणि जनरेटर मागे पडला. पण मी त्याची निगा सोडली नाही. दरवर्षी पावसाआधी टाकी काठोकाठ भरून घ्यायची, वरून ताडपत्री बांधायची. खंडेनवमीला ताडपत्री काढून त्याला पुसायचं, हळदीकुंकवाचं बोट लावायचं, झेंडूची माळ घालायची. त्या दिवशी हत्यारांना आणि यंत्रांना विश्रांती, म्हणून तो सुरू करायचा नाही. दसरा झाला की पुन्हा ताडपत्री. लाल रंग असा चकचकीत दिसायचा की यंत्र ठणठणीत आहे याबद्दल मला शंकाच यायची नाही. तो चालतो का, हे आम्ही शेवटचं कधी पाहिलं होतं, ते मला सांगता आलं नसतं.

मार्चमध्ये आजोबांना धंतोलीच्या हॉस्पिटलात ठेवावं लागलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. फुप्फुसं कडक होत चालली आहेत, हेही तुमच्या आईने सांगितलं असेल. घरी सोडताना डॉक्टरांनी अट घातली की ऑक्सिजनचं मशीन चोवीस तास चालू हवं. ते मशीन विजेवर चालतं आणि हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करून नळीने नाकात सोडतं. डॉक्टरांनी मला विचारलं, ‘‘वीज गेली तर घरी काय सोय आहे?’’

‘‘जनरेटर आहे,’’ मी म्हणाले. ‘‘टाकी भरलेली आहे.’’

त्यांनी ते फायलीत लिहून घेतलं. माझ्या त्या एका वाक्यावर आजोबा घरी आले. गाडीत बसल्यावर ते म्हणाले, ‘‘तिथल्या छताचे चौकोन मोजून मोजून पाठ झालेत. पुन्हा मोजायला लावू नकोस.’’

मेच्या सुरुवातीला एका मंगळवारी वीज कंपनीचा संदेश आला. पावसाळ्यापूर्वीच्या दुरुस्तीसाठी बुधवारी सकाळी नऊ ते दुपारी चार वीज बंद राहील. मी तो वाचला, फ्रिजवर कागद लावला, रात्रीच पाणी भरून ठेवलं. इन्व्हर्टर सव्वा तास, मग जनरेटर, आणि अगदीच वेळ आली तर कोपऱ्यातला ऑक्सिजनचा छोटा सिलेंडर, जो अडीच तास पुरतो. सगळं कागदावर होतं. जनरेटरची दोरी मात्र मी मंगळवारी ओढून पाहिली नाही. तो तयार होता ना.

बुधवारी नऊला पंखा थांबला आणि ऑक्सिजनचं मशीन इन्व्हर्टरवर गेलं. आपल्याकडे स्वयंपाकाला येणारी बाई अंगाने दणकट आहे. तिला घेऊन मी मागे गेले. ताडपत्री काढली. मागच्या दसऱ्याची माळ वाळून दांड्याला तशीच चिकटलेली होती. बाईने पदर खोचून दोरी ओढली. एकदा, दोनदा, मग मोजणं सोडलं. यंत्र नुसतं घरघरायचं आणि गप्प व्हायचं.

‘‘काकू, हे तर उठूनच नाही राहिलं,’’ ती म्हणाली. तिचा तळहात लाल झाला होता.

आतून आजोबांचा आवाज आला. ‘‘काय झालं गं?’’

‘‘काही नाही. होतंय सुरू,’’ मी म्हणाले.

उमरेड रोडवर पाण्याच्या मोटारी आणि गवत कापायची यंत्रं दुरुस्त करणारा एक मेकॅनिक आहे, आमच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. त्याच्या घरी पूर्वी हातमाग होते, त्यामुळे बोटं अशी चालतात की पाहत राहावं. त्याला फोन केला. तो पावणेदहाला बॅटरीच्या स्कूटरवरून आला. त्याने आधी माळ काढून तुळशीच्या कुंडीत ठेवली, मग खाली बसून कार्बुरेटरचा स्क्रू सैल केला आणि म्हणाला, ‘‘काकू, एक काचेची वाटी द्या जी.’’

वाटीत जे आलं ते तुम्हाला दाखवायला हवं होतं. वर पिवळट थर, खाली पाण्यासारखा दुसरा थर, आणि तळाला हिरवट-पांढरा चिकटा.

‘‘हे पेट्रोल कधी भरलं व्हतं?’’

मी टाकीवरच्या चिठ्ठीकडे बोट केलं. त्याने वाचलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, ‘‘म्हणजे मागच्या जूनमध्ये. अख्खा पावसाळा, अख्खा हिवाळा. काकू, आता पेट्रोलमध्ये एथनॉल मिसळते. ते हवेतलं पाणी ओढून घेते. गाडीत रोजच्या रोज जळून जाते म्हणून समजत नाही. तुमी त याले लोणच्यासारखं मुरवून ठेवलं.’’

मला राग आला नाही. भीती वाटली. सव्वादहा होत आले होते आणि इन्व्हर्टर शिटी देऊ लागला होता.

‘‘साफ होईल?’’

‘‘व्हईल ना. एक-सव्वा तास लागंल. नळी पण फुगली हाय, ती बदलतो. पण यात आता साधं पेट्रोल टाकू नका. टाकीत हा जो चिकटा बसला हाय, तो एथनॉलनं सुटते अन् जेटच्या बारीक भोकात जाऊन अडकते. अर्ध्या तासात पुन्हा बंद पडंल. टाकी उतरवून धुवाले दोन दिवस पाहिजेत. आजच्या आज चालवाचं असंल त बिनएथनॉलचं पाहिजे. ते शंभर नंबरचं राहते, महागवालं. इकडं नाही भेटत. धरमपेठेच्या बाजूच्या एका पंपावर भेटते.’’

थोरल्या, त्या क्षणी तू मला आठवलास. संत्र्याच्या साली वेचत उभा असलेला.

मी आत गेले. इन्व्हर्टर बंद पडायच्या आत नळी सिलेंडरला जोडली, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे कळ दोन लिटरवर ठेवली आणि घड्याळ पाहिलं. सव्वादहा. म्हणजे पाऊण वाजेपर्यंत. आजोबा उशांना टेकून बसले होते. अंगणातलं बोलणं त्यांना ऐकू गेलं होतं.

‘‘टाकी भरलेली होती ना?’’ ते म्हणाले.

‘‘होती.’’

‘‘मग?’’

‘‘तेच चुकलं.’’

सिलेंडरच्या काट्याखाली लाल पट्टा आहे. मी बाईला तो दाखवला आणि अँब्युलन्सचा नंबर लिहिलेला कागद तिच्या हातात दिला. ‘‘काटा लालवर आला की थांबायचं नाही. माझी वाट पाहायची नाही. फोन करायचा.’’ ती मान हलवत होती. आजोबा छताकडे बघत होते.

आता माझी दुसरी चूक सांगते. मी स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा घेतला. मेकॅनिक बाहेरून म्हणाला, ‘‘काकू, डब्यात देत नाहीत हो.’’ मी म्हणाले, ‘‘माझ्याकडे पत्र आहे.’’ आणि ते होतंच. आजोबा घरी आले त्याच आठवड्यात मी चांगल्या इंग्रजीत एक पत्र तयार करून त्यावर डॉक्टरांची सही-शिक्का घेऊन ठेवला होता. रुग्णाला अखंड वीजपुरवठ्याची गरज आहे, संबंधितांनी सहकार्य करावं, अशा अर्थाचं. आयुष्यभर माझी कामं नीट लिहिलेल्या पत्रांनी झाली आहेत. मेकॅनिक काहीतरी बोलायला गेला, पण मी फाटकाबाहेर पडले होते.

ऑटोवाला मिळाला तो बोलका होता. ‘‘आजी, एवढ्या उन्हात डबा घेऊन कुठं चालल्या? तूप आणाले का?’’ मी म्हणाले, पेट्रोल. मग तो मानेवाड्यापर्यंत बोलला नाही. अजनीच्या पुढे रस्ता तुंबला. धंतोलीची वळणं दिसू लागली. ज्या गल्लीतून आम्ही दीड महिन्यापूर्वी बाहेर पडलो होतो, तिच्या तोंडाशी ऑटो चांगली पाच मिनिटं उभी राहिली. औषधाच्या दुकानासमोर चंद्रपूरकडची एक मोठी गाडी अडली होती, टपावर गाद्या बांधलेल्या. मी डबा मांडीवर घट्ट धरून बसले. इथूनच डॉक्टरांकडे जाऊन सांगावं का, की मी तुमच्याशी खोटं बोलले? पण मी खोटं बोलले नव्हते. टाकी खरंच भरलेली होती. हेच मला सारखं खुपत होतं.

पंपावर पोचले तेव्हा सव्वाअकरा वाजून गेले होते. शंभर नंबरचं यंत्र एका बाजूला वेगळं होतं आणि तिथे निळ्या गणवेशातली एक बाई उभी होती. तुमच्या आईपेक्षा लहान असेल. मी डबा पुढे केला.

‘‘आजी, डब्यात नाही देता येत. नियम हाय.’’

मी पत्र दिलं. तिने ते घेतलं आणि शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं तिला कळत नसेल, म्हणून मी मराठीत सांगायला लागले. तिने मला थांबवलं.

‘‘समजलं मले. इंग्रजी वाचता येते मले, आजी. पण यात लिवलं हाय का सहकार्य करा. डब्यात पेट्रोल द्या असं नाही लिवलं. अन् डॉक्टरनं लिवलं असतं तरी मी नसतं दिलं. गेल्या उन्हाळ्यात एकाने असाच नेलेला डबा रस्त्यात फुटला, त्याचा पाय जळला. तो माझ्याच हातचा व्हता.’’

तिने पत्राची घडी माझ्याच घडीवर घातली आणि परत दिलं.  मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, पुन्हा पाहिलं. तिने ते पाहिलं असावं.

‘‘मशीन कुठं हाय?’’

‘‘घरी. हुडकेश्वरला.’’

‘‘मग ते काहून नाही आणलं? मशीन घेऊन या. त्याच्या टाकीत भरून देतो. खाली जमिनीवर ठेवाचं, थंड पाहिजे, बस.’’

इतकं सोपं होतं. मेकॅनिक तेच सांगायला तोंड उघडत होता आणि मी पत्र पुढे केलं होतं. मी त्याला फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा त्याने माझं अर्धंच ऐकून घेतलं.

‘‘जुळवलं मी सगळं, काकू. स्कूटरवर घेऊन येतो. तुमी तिथंच राहा.’’

‘‘काटा कुठे आहे?’’

तो आत जाऊन आला. ‘‘अर्ध्यावर. लालच्या वर. काका बोलून राहिले अजून.’’

त्यानंतरचा अर्धा तास मी त्या पंपावर हवा भरायच्या मशीनच्या सावलीत काढला. पंपावरच्या बाईने मला खुर्ची आणून दिली, पाणी दिलं, काही विचारलं नाही. गाड्या येत होत्या, भरून जात होत्या. शंभर नंबरकडे फारसं कोणी येत नव्हतं. घरी स्वयंपाकाच्या बाईला मी दोनदा फोन केला. पहिल्या वेळी ती म्हणाली, काका ठीक हाय. दुसऱ्या वेळी फोन वाजत राहिला आणि कोणी उचलला नाही. मी पुन्हा केला. पुन्हा वाजत राहिला.

बाराला दहा कमी असताना मेकॅनिक आला. स्कूटरच्या पायाच्या जागेत जनरेटर, वरून सुताच्या दोरीने चार फेऱ्या, आणि तो स्वतः पाय बाजूला पसरून बसलेला. पंपावरच्या बाईला हसू आलं. ‘‘बॅटरीच्या गाडीवर पेट्रोलचं मशीन,’’ ती म्हणाली, ‘‘काय जमाना आला बापा.’’ तिने ते खाली उतरवायला लावलं, टाकी हात लावून पाहिली, आणि नळी आत धरली. पेट्रोल चढताना मी आत डोकावून बघत होते. ती काठापर्यंत आणायला लागली तेव्हा मेकॅनिकने हात आडवा धरला. ‘‘पूर्ण नको. काकूंची सवय सोडवाची हाय.’’

घरचा फोन उचलत नाहीत, एवढंच मी त्याला म्हणाले. त्याने दोरी बांधायचा वेग वाढवला.

‘‘मी पुढं होतो. गल्ल्यागल्ल्यांनी जातो. तुमी या मागून.’’

परतीचा रस्ता मला नीट आठवत नाही. तोच ऑटोवाला माझ्यासाठी थांबला होता. मी फोन लावत होते आणि वाजणं ऐकत होते. अँब्युलन्स बोलावली असेल आणि सगळे गेले असतील का? मग त्या गल्लीच्या तोंडाशी मी आणि ते एकमेकांना ओलांडून गेलो असू. की बाई त्यांच्याजवळ असेल आणि फोन दुसऱ्या खोलीत? की फोन उचलायला कोणाला सवडच नसेल? साडेबारा झाले. पाऊण झाला. अडीच तास संपले होते.

आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर आलो. ऑटोच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. मी ऑटोवाल्याला म्हणाले, ‘‘इंजिन बंद करा.’’

‘‘घर आलं का, आजी?’’

‘‘बंद करा आधी.’’

त्याने बंद केलं. दुपारची गल्ली, कुठे चिटपाखरू नाही.  मग भिंतींच्या पलीकडून, मागच्या अंगणातून, एकसारखा फटफटणारा आवाज. न अडखळणारा. मी तशीच बसून राहिले. ऑटोवाला मागे वळून म्हणाला, ‘‘हेच का ते, ज्याले पाजाले नेलं व्हतं तुमी?’’

आत गेले तेव्हा आजोबांच्या नाकातली नळी मोठ्या मशीनला लावलेली होती. ओठ निळसर होते, बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजनचा आकडा एकाहत्तरवरून वर चढत होता. बाई रडवेली होऊन दाराशी उभी.

‘‘काकू, मी लावत व्हती फोन. काकांनी घेऊनच घेतला.’’

फोन आजोबांच्या मांडीखाली होता. माझा पहिला फोन येऊन गेल्यावर त्यांनी बाईला हाक मारली होती, ‘‘आण वं तो फोन इकडे, सुनेशी बोलायचंय,’’ आणि त्यावर बसले होते. एवढंच नाही. सिलेंडरची कळ मी दोनवर ठेवली होती, ती काटा लालजवळ आल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने एकवर आणली होती, म्हणजे जास्त वेळ पुरेल. माणूस गणितात कधी चुकला नाही. काटा लाल पट्ट्यात शिरलेला होता, पण शून्यावर आला नव्हता. मेकॅनिक पोचला तेव्हा त्यांनी त्याला आधी घड्याळ दाखवलं, म्हणे.

‘‘तुम्हाला काही झालं असतं तर?’’ मी विचारलं.

त्यांना एका दमात उत्तर देता येईना. दोन-तीन श्वास घेऊन म्हणाले, ‘‘तू टाकी भरलेली आहे म्हणालीस. मी विश्वास ठेवला. आता मी म्हणतो, पुरेल. तू ठेव.’’

मी त्यांच्यावर ओरडले. तुम्ही मला ओरडताना फारसं पाहिलेलं नाही. मेकॅनिक अंगणात निघून गेला आणि बाईने गॅस पेटवून चहा ठेवला. आजोबा आकड्याकडे बघत राहिले. तो नव्वदवर आल्यावर मी थांबले.

चारला नाही, साडेचारला वीज आली. मेकॅनिकने जाताना बजावलं होतं की नुसतं बटण दाबून बंद करायचं नाही. पेट्रोलची तोटी बंद करायची आणि कार्बुरेटरमधला शेवटचा थेंब जळून यंत्र आपणहून थांबेपर्यंत चालू द्यायचं. मी धुण्याच्या दगडावर बसले. ते बराच वेळ तसंच चाललं, मग दोनदा दचकलं आणि थांबलं. टाकीवरची माझी चिठ्ठी निम्मी सुटली होती. ती काढली.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन करून झालेलं सगळं सांगितलं, कळ एकवर आणल्याचंही.  ते म्हणाले, फायलीत दुरुस्ती करतो, आणि मोठा सिलेंडर ठेवा, आणि त्यांच्या हाताला येईल अशी कळ ठेवू नका. दोन्ही केलं आहे. टाकी उतरवून धुतलीही आहे.

आता दर शनिवारी सकाळी अकराला मी आणि बाई मागे जातो. टाकीत शंभर नंबरचंच असतं, निम्म्यापर्यंत. ती दोरी ओढते, पहिल्या नाही तर दुसऱ्या झटक्याला सुरू होतो, आणि दहा मिनिटं चालवायचा. पत्र्याच्या खांबावर एक वही टांगली आहे. तीत मी फक्त ‘चालला’ एवढंच लिहिते, तारखेसमोर. आजोबा आतून घड्याळ लावून बसलेले असतात. दहा मिनिटं झाली की खोकत खोकत ओरडतात, ‘‘झाली, बंद कर.’’ मी तोटी बंद करते, पण तो आपणहून थांबेपर्यंत तिथून उठत नाही.

थोरल्या, तुझ्या त्या गवताच्या मशीनमध्ये तू हिवाळ्यात पेट्रोल ठेवतोस की काढतोस, ते मला नीट लिहून पाठव.